आधी उलटा करून बघा

कनकाक्काच्या घरात वस्तू मरत नसत. चेन्नईत वेलचेरीतल्या तिच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, तेव्हा खाली तीस वर्षांचा पंखा फिरत होता, त्याहून जुना रेडिओ बोलत होता आणि इस्त्रीला तिसरी वायर लागलेली होती. हे सगळं तिच्या नवऱ्याचं कर्तृत्व. पद्मनाभराव टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते. घरात आलेली कुठलीही नवी वस्तू ते आधी उघडत, आतल्या पत्र्यावर सुईने 'प. रा.' कोरत आणि मगच वापरायला देत.

"उघडायला ह्यांना येतें," अक्का म्हणायची, "मागाहून स्क्रू मी शोधायचें."

ही माणसं तंजावरची मराठी. अक्काने एग्मोरच्या एका कचेरीत बत्तीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढली होती आणि घरी ती जे मराठी बोलायची ते माझ्या पणजीला कळलं असतं, मला निम्मं कळायचं. मी सांगलीची, नोकरी आयटीतली, आणि पगाराच्या दिवशी काहीतरी मागवल्याशिवाय मला चैन पडत नसे. एअर फ्रायर, माझ्या झोपेला मार्क देणारं घड्याळ, आपलं आपण झाडत फिरणारं यंत्र. प्रत्येक खोकं आलं की अक्का जिना चढून वर यायची.

"हें काय करतें?"

मी सांगायचे.

"सरी, बरें. मग तूं काय करतेस?"

राग यायचा. पण पुढच्या पगाराला मी पुन्हा काहीतरी मागवायचेच.

मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी पद्मनाभरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालत होता आणि डोळे लख्ख होते. भाड्याने आणलेली लोखंडी खाट पुढच्या खोलीत लागली. नाकातून नळी. त्या नळीतून दर दोन तासांनी तांदळाची पेज, डाळीचं पाणी, उकडलेल्या भाज्या असं सगळं द्यायचं, पण पाण्यासारखं पातळ करून. एक कण राहिला तर नळी तुंबायची. म्हणजे अक्काचा संसार आता मिक्सरवर आला होता. रावांनी निवृत्तीच्या वेळी हौसेने आणलेला तो जुना जाडजूड मिक्सर दिवसातून सात-आठ वेळा गरजायचा आणि तो गरजला की मला वर कळायचं, राव जेवतायत.

एका सोमवारी घट्ट नाचणी फिरवताना तो अर्ध्यातच थांबला. काही केल्या हलेना.

कोपऱ्यावर वेंकटचं दुरुस्तीचं दुकान होतं. अक्काने मिक्सर पिशवीत घालून त्याच्याकडे नेला. त्याने बटण फिरवलं, कानाशी धरून हलवलं आणि तोंड वाकडं केलं. मोटर जळलीय मामी, नवी घालावी लागेल. कधी मिळेल? नाळैक्कु. म्हणजे उद्या.

हा उद्या नऊ दिवस चालला. मी म्हटलं, माझा मिक्सर घ्या. पण माझ्या मिक्सरमध्ये अंड्याच्या रश्शाचं वाटण व्हायचं, आणि रावांच्या अन्नाला अक्का मडीत हात लावायची, म्हणजे आपलं सोवळं. "तुझें वाईट नाहीं गे. पण ह्यांनी बरें असतां कधीं खाल्लें नाहीं, आतां पडलेत म्हणून मी फसवायचें काय?" मी म्हटलं, नवा मागवते, उद्या दारात येईल. ती म्हणाली, उद्या आपलाच येतो म्हणून सांगितलं आहे, मग नवा कशाला?

मग तिने मागच्या पडवीतला पाटा-वरवंटा काढला. अडुसष्टाव्या वर्षी. वाटायचं, पाणी घालायचं, पंच्यातून गाळायचं, गाळ परत वाटायचा. एक वेळचं होईतो दुसरी वेळ उभी. त्या नऊ दिवसांत ती नवऱ्यापाशी पाच मिनिटं बसली असेल तर शपथ. एरवी ती त्यांच्या उशाशी पेपर वाचायची, मग दोघं मिळून बातम्यांवर चिडायची, ती तोंडाने आणि ते डोळ्यांनी. ते सगळं बंद पडलं. खालून वरवंट्याचा आवाज यायचा, आणि मध्ये मध्ये टक्, टक्, टक्. रावांच्या डाव्या हातात तांब्याची अंगठी होती, ती ते खाटेच्या नळीवर आपटायचे.

"काय हवंय त्यांना?" मी एकदा जिन्यातून विचारलं.

"कांहीं नाहीं. मी समोर नाहीं म्हणून रुसवा," अक्का पदराने घाम पुसत म्हणाली.

नवव्या दिवशी दुपारी ती पडवीत वाटत असताना राव गेले. ती वाटी घेऊन आत आली तेव्हा त्यांचा हात खाटेच्या नळीवरच होता.

तेराव्याला, पंगत उठत असताना, वेंकट मिक्सर घेऊन दारात आला. नवी मोटर घातलीय म्हणाला, पैसे घेतले, पानाला नमस्कार करून गेला. अक्काने मिक्सर ओट्यावर ठेवला आणि त्यावर फडकं टाकलं.

चार महिन्यांनी तिने तो पहिल्यांदा नीट वापरायला काढला, चटणीपूड करायला, आणि तो पुन्हा थांबला. मी तिथेच होते. मी काही मेकॅनिक नाही. पण आमच्या पिढीला एक सवय आहे, काही अडलं की फोनवर व्हिडिओ बघायचा. दीड मिनिटाचा व्हिडिओ. मिक्सर उलटा करा. बुडाशी एक लाल बटण असतं. भार जास्त झाला की मोटर जळू नये म्हणून ते आपोआप बाहेर येतं. थोडं थांबा, ते आत दाबा.

मी दाबलं. मिक्सर असा गरजला की भांड्याचं झाकण उडालं.

अक्का हलली नाही. पूड तिच्या केसांवर पडली होती. मग तिने रावांचा स्क्रूड्रायव्हर आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "उघड."

मी उघडला. आत वेंकटने घातलेली नवी मोटर असायला हवी होती. आत होती ती जुनीच, कडेला काळवंडलेली, आणि तिच्या पत्र्यावर सुईने कोरलेली दोन अक्षरं: प. रा.

म्हणजे त्या सोमवारीही एवढंच झालं होतं. एक बटण. वेंकटने ते दाबलं असेल, मिक्सर फळीवर ठेवून दिला असेल आणि नऊ दिवस एका बाईला उद्या, उद्या करत पाट्यावर झिजवलं. माझं डोकं फिरलं. असल्या माणसाचं वाटोळं व्हावं असं मला वाटलं, मी ते मोठ्याने म्हटलं आणि आजही ते परत घ्यायची माझी तयारी नाही.

अक्का त्याच्या दुकानात गेली. मी मागे होतेच. तिने उघडा मिक्सर त्याच्या टेबलावर ठेवला. वेंकट आधी हसला. "मामी, दिवसाला दहा मिक्सर येतात. कुठला कुणाचा, कसं लक्षात राहणार?"  तिने मिक्सर उचलला आणि ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिने प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि दुकानाच्या बरोबर समोर, शेअर ऑटो थांबतात तिथल्या कडुनिंबाखाली टाकली. शेजारी पुठ्ठा, त्यावर तमिळमध्ये टपोऱ्या टायपिस्टी अक्षरांत: आधी उलटा करून बघा. बटण दाबून बघा. फुकट.

मिक्सरची पिशवी घेऊन कुणी ऑटोतून उतरलं की ती हाक मारायची. पिशवीतून मिक्सर काढायचा, उलटा करायचा, अंगठ्याने बटण दाबायचं. दहातले चार तिथल्या तिथे बरे. मग ती बाकीचंही शिकली. वॉशिंग मशीन पाणी घेत नाही? नळाकडची जाळी धुवा. रिमोट चालत नाही? सेलची टोकं पुसा. इस्त्री थंड? आधी प्लग उघडा. मी तिचा व्हिडिओ काढला आणि आमच्या ऑफिसच्या, आजूबाजूच्या सोसायट्यांच्या, जिम्नॅशियमच्या, दिसेल त्या ग्रुपवर टाकला. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "वस्तू मेली म्हणून जो सांगतो, त्याला आधी विचारा, तूं नाडी पाहिलीस काय?" महिन्याभरात लोक तिच्यासोबत फोटो काढायला यायला लागले.

मला त्यात मजा येत होती, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी लॅपटॉप बंद करून मी खास वेंकटची रिकामी फळी बघायला जायचे. आज तीन वस्तू, आज एक, आज वेंकट नुसताच बसून माश्या मारतोय. अक्का त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. पाच ते सात, पावसात छत्री घेऊन, तापात स्वेटर घालून.

बेंगळुरूला तिची मुलगी संयुक्ता बाळंत झाली. अक्का गेली नाही. बारशाला तरी ये म्हणून संयुक्ता फोनवर रडली. "येतें," अक्का म्हणाली, "त्याचें शटर पडूं दे." बारसं तिने माझ्या फोनवर पाहिलं, कडुनिंबाखाली बसून, आणि पाळण्यात नाव ठेवताना एक बाई मिक्सर घेऊन उतरली म्हणून फोन माझ्या हातात देऊन उठली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे काहीतरी चुकतंय. पण मी गप्प बसले. सूड अगदी हाताशी आला होता आणि मलाही तो हवा होता.

रावांच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस होते, तेव्हा वेंकट रस्ता ओलांडून आला. एका हातात चहाचा ग्लास. तो अक्कासमोर जमिनीवर उकिडवा बसला. माझं तमिळ तोवर हे सगळं कळण्याइतकं झालं होतं.

"मामी, उद्या दुकान सोडतोय. श्रीपेरुंबुदूरला कारखान्यात लागलोय. पहाटेची कंपनीची बस."

"सरी," अक्का म्हणाली.

"मी खोटं बोललो. मोटर घातली नव्हती. सगळ्यांनाच सांगतो तसं तुम्हाला सांगितलं. चूक माझी." त्याने ग्लास दुसऱ्या हातात घेतला. "पण एक मला अजून कळत नाही. राव सर माझ्या दुकानात येऊन बसायचे. मोटर गुंडाळायला मला त्यांनीच शिकवलं. तुम्ही मिक्सर आणलात तेव्हा मला वाटलं, सर घरात आहेत म्हणजे बटण बघून झालं असणार, मोटरच गेली असणार. नंतर दाबून बघितलं तर चालू झाला. मग मला वाटलं, सरांना आता काहीच कळत नाही, आता कोण विचारणार?" त्याने ग्लास खाली ठेवला. "त्यांना खरंच कळत नव्हतं का, मामी? हाताने तरी सांगितलं असतं."

अक्का उठली. पुठ्ठा तिथेच राहिला. ती घराकडे निघाली तशी मी खुर्ची घेऊन मागे धावले. मला वाटलं, वेंकटने कबूल केलं, आता हिला बरं वाटेल.

पुढच्या खोलीत लोखंडी खाट अजून होती. भाड्याची होती, तिने ती विकतच घेतली होती. ती खाटेच्या कडेला बसली.

"ह्यांना अस्कें, सगळें कळत होतें," ती म्हणाली.

मी खुर्ची भिंतीला टेकवली.

"पहिल्या दिवशींच स्वयंपाकघराकडे बोट केलें. मग हात असा उलटा केला. मिक्सर इकडे आण, उलटा कर म्हणून. मला कळलें, सुनेत्रा. मला काय कळायचें नाहीं? चाळीस वर्षें त्या हाताशीं संसार केला मी." तिने स्वतःचा तळवा उलटा केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. "मी म्हटलें, चूप पडा. तुमची कारागिरी पुरे जाहली. उघडून ठेवाल आणि स्क्रू मी शोधूं. मग वेंकटकडे देऊन टाकलें. तेव्हांपासून नऊ दिवस ते वाजवीत होते. वेंकट खोटें बोलला. हे खरें सांगत होते, आणि मी पाट्यावर वाटीत बसलें."

 तुमचा दोष नाही असलं काहीतरी मी पुटपुटले असेन. तिने ऐकलं नाही.

मी वर आले. टेबलावर माझे हेडफोन होते, बाहेरचा आवाज पुरता बंद करणारे. ते मी त्याच नऊ दिवसांत मागवले होते, तिसऱ्या दिवशी, कारण मीटिंगमध्ये खालची टक् टक् फार त्रास द्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी खोकं आलं. तेवढंच एक खोकं बघायला अक्का वर आली नव्हती. ते कानांवर चढवले आणि मला छान शांत वाटलं होतं. हे मी अक्काला अजून सांगितलेलं नाही. वेंकटवर मी इतकी का उखडले होते, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

वेंकटचं दुकान गेलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी त्याला माफ केलेलं नाही, अक्कानेही केलं नसावं. तिने त्याचं नाव घेणं मात्र सोडलं. कडुनिंबाखाली ती पुन्हा बसली नाही. पाच वाजले की ती तीच प्लास्टिकची खुर्ची खाटेला लावून बसते, पेपर मोठ्याने वाचते आणि रावांची अंगठी बोटात घालून अधूनमधून खाटेच्या नळीवर आपटते. सातपर्यंत चालतं ते. मी तेव्हा कामात असते, मीटिंग चालू असते, आणि समोरचे लोक विचारतात, तुमच्याकडे कसला आवाज येतोय? मी म्हणते, येऊ दे.