धर्मराज मामांचं बिनजाहिरातीचं स्थळ

आमचे धर्मराज मामा वडवणीच्या एसटी स्टँडामागं वधू-वर सूचक केंद्र चालवतात. एक खोली, सहा खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि त्यात साडेसहाशे पोरापोरींचे बायोडाटे, सगळे अकरा वर्षांत मामांनी स्वतः टाइप केलेले.

लिंबागणेशचे सुंदरराव पोरीसाठी स्थळ बघायला आले, सोबत बहीण वच्छलाबाई. सुंदररावांचा आवाज असा, की ‘चहा घेतो’ म्हणाले तरी सभेत ठराव मांडल्यासारखं वाटतं. मामांनी पडद्यावर पाली गावच्या परमेश्वरचा बायोडाटा उघडला. फोटोत पोरगं फेटा बांधून उभं. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातून एक चौकोन टुणकन वर आला: ‘टक्कल पडतंय? आजच उपाय करा!’

“आगं बया!” वच्छलाबाईंनी डोळे बारीक केले. “म्हनून फेटा घातलाय व्हय?”

“न्हाई हो आक्का, ही जाहिरात हाय. आपोआप येती.”

“मग बरोबर त्याच्याच फोटोखाली कावून आली? कॉम्प्युटरला समदं म्हाईत असतं म्हन्त्यात.”

मामांनी चौकोन बंद केला, तर दुसरा आला. त्यात वजन कमी करायचं चूर्ण होतं. वच्छलाबाईंनी पदर सावरला.

सुंदरराव उठले. “धर्मराज, बाजाराच्या दिवशी परत येतो. असलं काय पुन्हा दिसलं, तर आमच्या रोहिणीचा बायोडाटा काढून ठेव. दुसरीकडं देतो.”

एक बायोडाटा गेला असता तर मामा रडले नसते. पण सुंदररावांनी केंद्र बदललं की त्यांच्या शब्दावर चालणारी पंधरा-वीस गावं बदलतात.

हाताशी पाच दिवस. शेजारी मोबाइल दुरुस्तीवाला पप्पू. तो गालात सुपारी ठेवून बोलतो, त्यामुळं त्याचा प्रत्येक शब्द वळसा घेऊन बाहेर पडतो. “मामा, एक-एक जाहिरात बंद करत बसू नका. कॉम्प्युटरची सिस्टीमच बदला. लिनक्स टाका. फुकट हाय आन् जाहिरात एक बी न्हाई.”

“मग टाक की बे!”

“टाकतो, पण कोणतं? लिनक्सात बी प्रकार हायत. डेबियन हाय, उबंटू हाय, मिंट हाय, आर्च हाय…”

“एक मागितलं तर वरात घेऊन आलास!”

मग मामांनी केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. वही घेतली आणि एकेका सिस्टीमचा बायोडाटा मांडला. घराणं, वय, स्वभाव, खोड. डेबियन: घराणं जुनं, भरवशाचा, पण नव्या गोष्टींना सावकाश. उबंटू त्याच्यातून निघालेला. मिंट उबंटूतून निघालेला.

“म्हंजे आजा, बाप आन् नातू तिघं बी लग्नाला उभे?” मामा भडकले. “आन् हा आर्च?”

“त्याचं समदं आपल्या हातानं मांडावं लागतं.”

“काट त्याला.”

इंटरनेटवर विचारलं तर आणखी पंचाईत. एक म्हणे नवशिक्यानं हेच घ्यावं, त्याखाली दुसरा म्हणे हे सोडून काहीही घ्या, तिसरा दोघांची अक्कल काढतोय. मामांचे दोन दिवस त्यातच गेले.

शेवटी नातू पसंत पडला, मिंट. पण पाहण्याचा कार्यक्रम झाल्याशिवाय मामा होकार देत नाहीत. पप्पूनं मिंट कॉम्प्युटरवर न बसवता पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून दाखवलं. मामा हाताची घडी घालून अर्धा तास पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडं बघत बसले. काही वर आलं नाही. प्रिंटरही चालला. “पोरगं गुणी हाय. उरकून टाक.” पप्पूनं बायोडाटे बाजूला काढले, जुनी सिस्टीम पुसली, नवी बसवली, बायोडाटे परत टाकले.

चूक इथंच झाली. मामांनी नातवाचं घराणं तपासलं, आपल्या घरची माणसं, म्हणजे बायोडाटे, त्याला दाखवलीच नाहीत.

बाजाराच्या दिवशी सकाळी परमेश्वर उघडला. फोटो स्वच्छ. मजकुराच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांचा चिवडा. दुसरा बायोडाटा उघडला, तोही चिवडा.

“आय, जे, ई, एस… हे कोण बे? परमेश्वर कुठं गेला?”

पप्पूनं सुपारी थुंकली, म्हणजे प्रकरण गंभीर. “मामा, तुमी जुन्या फॉन्टात टाइप केलंय. तो फॉन्ट जुन्या सिस्टीमसंगं पुसला गेला. शोधून आणतो बीडहून, पण आज न्हाई जमायचं.”

“पाह्यलं तवा कावून न्हाई सांगितलं?”

“तुमी कोपऱ्याकडंच बघत होते की!”

तेवढ्यात सुंदरराव दारात. वच्छलाबाईंनी खुर्ची ओढली आणि कोपऱ्यावर नजर रोखली. दहा मिनिटं गेली. “जाहिरात न्हाई,” त्या हिरमुसून म्हणाल्या. “पण अक्षर बी न्हाई.”

मामांनी परमेश्वरचं सगळं तोंडपाठ सांगितलं. शिक्षण, शेती, शेळ्या, आजोळ, चुलत्यांची नावं. सुंदररावांनी ऐकून घेतलं. “आता आमची रोहिणी दाखव.”

मामांचा हात माउसवर थांबला. उघडली. चिवडा.

“हे आमच्या पोरीचं नाव?”

“दादा…” मामांनी माउस सोडला. “अकरा वर्षांची मेहनत हाय हो. एका कोपऱ्यापायी घालवली.”

सुंदररावांचा ठरावाचा आवाज एकदम घरातला झाला. “मी जाहिरातीचं बोललो होतो. ती दिसली न्हाई. कोरं पान काढ, मी सांगतो तसं लिही.”

मामांनी पान काढलं. नव्या सिस्टीमच्या मराठी टायपिंगात एकही अक्षर ओळखीच्या जागी नव्हतं. ‘रो’ला चार मिनिटं लागली. मग वेलांटी सापडेना.

“जन्म दोन हजार दोन,” सुंदरराव म्हणाले.

“दोन हजार एक,” वच्छलाबाई म्हणाल्या. “मी होते बाळंतपणाला.”

“थांबा हो जरा!” पडद्याला नाक लावून मामा ओरडले. “अजून नावातच हाय मी!”