मुलगी आईजवळ शांत झाली

ती घटना आजही आठवते, असं लिहायला घेतलं खरं. पण आठवायचे कष्ट मला कधी घ्यावे लागत नाहीत. दुपारी जेवण झालं, आरामखुर्चीत डोळा लागला, की ती आपणहून येते. उन्हानं पांढरं झालेलं ठाण्याचं आवार. कडुनिंबाचा मोहर गळतोय, खिडकीतून उडून उघड्या डायरीवर पडतोय. मी तो फुंकरीनं उडवतो. खाली माझ्याच अक्षरातली ओळ दिसते आणि मला जाग येते.

नोकरीची चार वर्षं शिल्लक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोक कारण विचारतात. मी गुडघ्यांचं नाव सांगतो.

तेव्हा आमच्या शहराचं नाव नुकतंच बदललं होतं. पाटी नवी आणि काही शिक्के जुने, असे ते दिवस होते. मी सहायक निरीक्षक होतो. ठाण्यात मी एक पद्धत लावली होती आणि तिचा मला अभिमान होता. नवरा-बायकोचं प्रकरण आलं की बाईला टेबलासमोरची खुर्ची द्यायची, पंख्याखाली. आधी पाणी द्यायचं, मग विचारायचं. पुरुषाला भिंतीलगतच्या बाकावर बसवायचं. महिला दिनाच्या एका कार्यक्रमात त्याबद्दल माझा सत्कारही झाला. शाल, नारळ. आपल्या ठाण्यात बाई घाबरत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे.

मार्च संपत आला होता. दुपारी एक माणूस आला. शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला, पस्तिशीचा, अंगावर कंपनीचाच शर्ट. डाव्या मनगटाला रुमाल बांधलेला. सोबत सात वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशात.

आमच्या हवालदारांनी त्याला सवयीनं बाक दाखवला. तो बसला. मुलगी बसली नाही. त्याच्या गुडघ्यांच्या मधे उभी राहिली.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"भाजलं साहेब. बायकोनं..." तो थांबला.

हवालदार म्हणाले, "काय पाव्हणं, मालकीणबाईनं चोपलं व्हय? मग आता आमी काय करावं? तुमच्याकडनं जाऊन दोन लाटणी खाऊन यावं का?"

टेबलाशी बसलेले सगळे हसले. मीही हसलो. ते हसू मी लपवलंही नाही, हे इथं कबूल करतो.

तो म्हणाला, "माझं सोडा साहेब. माझं लिहूच नका. पोरीचं लिहा. हिचे पाय बघा." आणि त्यानं मुलीच्या गणवेशाची कड वर करायला हात घातला.

मी टेबलावर हात आपटला. "ए! हात मागं घे!"

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. बाप्या माणूस, सात वर्षांची मुलगी, भरलं ठाणं. मला त्यात फक्त वावगं दिसलं. महिला शिपाई बंदोबस्ताला गेल्या होत्या. त्या येईपर्यंत थांबावं, त्यांच्याकडून मुलीला आत नेऊन बघावं, एवढं साधं काम होतं. ते मी केलं नाही. ज्या गोष्टीसाठी तो उन्हातून आला होता ती दाखवायलाच मी मना केलं.

तेवढ्यात मुलीची आई आली. शेजारची बाई धरून आणत होती. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. मी उठून खुर्ची पुढं केली. पाणी दिलं. ती रडत म्हणाली, नवरा दारू पितो, भांडणं करतो, आता पोरीला फूस लावून माझ्यापासून तोडायला निघालाय. बाकावरचा माणूस म्हणाला, "साहेब, वास घेऊन बघा माझ्या तोंडाचा." मी वास घेतला नाही. मला गरज वाटली नाही.

आई हात पसरून म्हणाली, "ये की गं माझ्याकडं."

मुलगी जागची हलली नाही. मी हवालदारांना खूण केली. त्यांनी तिला उचललं आणि आईच्या मांडीवर बसवलं. मला वाटलं होतं रडेल, हातपाय झाडेल. तसं काही झालं नाही. ती अगदी निमूट झाली. पापणीसुद्धा हलवत नव्हती. आईच्या खांद्यावरून ती बाकाकडं बघत राहिली. वर पंखा फिरत होता, त्याची सावली तिच्या चेहऱ्यावरून जात होती, येत होती. ते दृश्य मला तेव्हा सुंदर वाटलं होतं.

मी डायरी ओढली आणि लिहिलं : 'मुलगी आईजवळ शांत झाली. पतीस समज देऊन रवाना केले.'

मग त्याला म्हणालो, "आठ दिवस घराकडं फिरकायचं नाही. डोकं थंड होऊ दे. गेलास तर आत टाकीन."

त्याचा भाऊ करमाडला राहतो, तिथं जातो म्हणाला. दारातून त्यानं मागं बघितलं. "येतो गं माय," एवढंच म्हणाला. मुलीनं मान हलवली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ठाण्यात एक रिक्षावाला आला. पन्नाशीचा, मूळचा खुलताबादचा. शाळेच्या मुलांची ने-आण करायचा. टोपी हातात घेऊन बराच वेळ दाराशी घुटमळला.

"साब, छोटी बात है. पर दिल में बैठ गई है."

"बोला चाचा."

"माझ्या रिक्षात एक बच्ची येती. वो बैठतीच नै. सगळी पोरं धक्काबुक्की करून जागा पकडतात, ही पूरा रस्ता खडी रहती, डंडा पकडके. मी म्हनलं, बैठ जा बेटा, गिर जाएगी. तर म्हनती, चाचा, खडं राहिलं की मज्जा येती."

"कधीपासून?"

"हफ्ता झाला असंल. पण दोन दिसांपासून उतरताना पाऊल लई जपून टाकती."

"मग इतके दिवस का गप्प बसलात?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच अज्ञानी. "साब, मैं मर्द आदमी. दुसऱ्याच्या लहान पोरीला, तुला कुठं दुखतंय म्हनून विचारलं, तर लोक आधी मलाच धरतील. शाळेत बोल्या मैं. बाई म्हनल्या, तिची आई रोज गरम डबा देती, वेणी घालून पाठवती, लई काळजी घेती. तो मैं चुप बैठ गया."

मी मुलीचं वर्णन विचारलं. त्यानं सांगितलं. माझ्या हातातल्या चहावर साय धरली तरी मी तो पीत नव्हतो, हे हवालदारांनी मला नंतर सांगितलं.

बापाच्या गुडघ्यांमधे उभी राहिलेली मुलगी, बाकावर न बसलेली. मी ते बघितलं होतं. उचलून मी तिला कुठं बसवलं होतं, तेही मला आता दिसत होतं.

तपास मी माझ्याकडं ठेवला नाही. वरिष्ठांना सगळं सांगून तो महिला उपनिरीक्षकांकडं देण्याची विनंती केली. त्या साध्या पोशाखात शाळेत गेल्या. बाल कल्याण समितीला कळवलं, तपासणीचं पत्र देऊन मुलीला घाटी रुग्णालयात नेलं. मांड्यांच्या मागच्या बाजूला, वर, जिथं गणवेश झाकतो तिथं, भाजल्याचे पट्टे होते. डॉक्टरांनी लिहिलं, काही जखमा आठ-दहा दिवसांच्या, काही दोन-तीन दिवसांच्या. त्या दोन-तीन दिवसांच्या जखमा माझ्या नावावर आहेत. बापाला मी बाहेर काढलं त्यानंतरच्या त्या.

मुलगी बोलेना. पडले, म्हणे. तिला एका खोलीत नेलं होतं, खिडकीबाहेर झाड होतं. मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो, दार अर्धवट उघडं. उपनिरीक्षक बाई म्हणाल्या, "बस ना." ती उभीच. पुन्हा म्हणाल्या नाहीत. "बरं, मग मी पण उभी राहते," म्हणाल्या आणि खरोखरच तिच्या शेजारी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. दोघी झाडावरच्या खारी बघत होत्या. अर्धा तास गेला असेल. उजेड हळूहळू सरकत भिंतीवर गेला. मला वाटत होतं, त्या दोघी पाण्याच्या तळाशी उभ्या आहेत आणि आपण काठावर आहोत.

"तुमचे पाय नाय दुखत?" मुलीनं विचारलं.

"दुखतात की. तुझे?"

"लई."

"मग तू रडत का नाहीस गं?"

"रडलं की आई पहिल्यापासनं सुरू करती."

त्या दिवशी डायरीत लिहिलेला माझा 'शांत' हा शब्द मला तिथं, त्या व्हरांड्यात, समजला.

संध्याकाळी हवालदारांना हे सांगितलं. ते रिटायरमेंटला आलेले, कायम थट्टेच्या सुरात बोलणारे. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "साहेब, मी उचललं होतं तिला. अंग लाकडासारखं ताठ केलं होतं तिनं. मला तीन लेकी हायेत. मला कळायला पायजे होतं."

आईला चौकशीला आणलं तेव्हा ती आपणहून जाऊन त्याच खुर्चीत बसली. उपनिरीक्षक बाई विचारत होत्या, मी बाजूला होतो. सुरुवातीला तिनं सगळं नवऱ्यावर ढकललं. तो पाच दिवस करमाडला होता आणि कंपनीच्या पाळीवर त्याची रोजची हजेरी होती, हे पुढं ठेवल्यावर ती माझ्याकडं वळली.

"साहेब, तुम्ही तर पाणी दिलं होतं त्या दिवशी. आता काय झालं?"

मी उपनिरीक्षक बाईंकडं बघितलं.

"नवऱ्याच्या हाताला कसं भाजलं?" बाईंनी विचारलं.

"मधी आला."

"कशाच्या मधे?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "उलथन्याच्या. पोरीच्या जातीला वळण नको का लावायला? माझ्या मायनं मला असंच वळण लावलं. मी मेले का? तवा कुण्या पोलिसानं विचारलं नाय मला." हे म्हणताना ती पहिल्यांदाच खरी रडली. आधीच्या रडण्यात आणि या रडण्यात काय फरक आहे, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला त्या दिवशी दिसलं.

खटला उभा राहिला. बचाव पक्षाच्या वकिलाच्या हातात सगळ्यात भारी कागद कोणता होता, तर माझी डायरीची नोंद. उलटतपासणीत त्यांनी ती सावकाश वाचली. "मुलगी आईजवळ शांत झाली. हे अक्षर आपलंच?"

"हो."

"वीस-पंचवीस वर्षं सेवा झालेला अधिकारी जखम नसताना जखम लिहीत नाही, आणि असताना सोडत नाही. बरोबर?"

तिथं सुटायची एक वाट होती. 'त्या दिवशी जखम दिसत नव्हती,' एवढं म्हटलं असतं तर मी त्यातून सुटलो असतो. खोटंही ठरलं नसतं. पण त्या वाटेनं मुलीची साक्ष पडली असती.

मी म्हणालो, "सोडली. बाप दाखवत होता, मी बघू दिली नाही. तो पुरुष होता म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवला नाही आणि ती आई होती म्हणून तिला काही विचारलं नाही. मुलगी शांत झाली नव्हती, घाबरली होती. नोंद चुकीची आहे."

पुढं माझी खातेनिहाय चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. आईला शिक्षा झाली. मुलगी बापाकडं राहते.

ही हकिगत वाचून कुणी उलटा अर्थ काढू नये. माझ्या कपाटातल्या बहुतेक फायली मार खाल्लेल्या बायकांच्याच होत्या. आणि आता त्या आठवतो तेव्हा जाणवतं की त्या खुर्चीनं त्यांचंही फारसं भलं केलं नाही. पाणी देऊन, पंख्याखाली बसवून मी त्यांना शेवटी सांगत असे, 'सांभाळून घ्या, लेकरांकडं बघा.' त्यांच्यातल्या कितीजणी घरी गेल्यावर निमूट झाल्या, ते मी मोजलं नाही. माणूस दारात आला की त्याची जागा मी ठरवून टाकत होतो. जागा ठरली की ऐकायचं काही उरत नसे. कोण रडतं यावरून मी निकाल देत होतो आणि जिला रडायची मुभाच नव्हती ती माझ्या समोर बसली होती.

साक्ष संपवून कोर्टाच्या व्हरांड्यात आलो. तिथं बाक होता. कडेला तो माणूस बसला होता, घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून मुलीला सोबत आणलेलं. मी दुसऱ्या टोकाला टेकलो.

मुलीनं मला ओळखलं. "काका, तुमचं झालं?"

"झालं."

"तुम्ही काय केलं होतं?"

बाप गडबडला. "ए माय, गप. साहेब आहेत ते."

"ठाण्यात बाबा बाकावर बसले होते तवा पण समदे विचारत होते, काय केलं म्हणून," ती म्हणाली.

मी म्हणालो, "तुला चुकीच्या जागी बसवलं मी."

तिनं जरा विचार केला. "ते तर हवालदार काकांनी."

"मी सांगितलं होतं त्यांना."

बाहेर ऊन होतं, कुठल्यातरी झाडाचा मोहर व्हरांड्यात वाऱ्यानं गोळा होत होता. माझी दुपारची झोप मात्र इथपर्यंत कधीच येत नाही. मुलगी बापाच्या बाजूला थोडी सरकली, आमच्या मधे हातभर जागा केली, आणि पाय हलवायला लागली. बाक कुरकुरला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, ती बसली होती.