टोमॅटोचं बी आणि आबांची नोकरी

मी शिकवते त्या शाळेतल्या एक बाई शिरोळकडच्या. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी मला चार टोमॅटो आणून दिले. चपटे, घड्या पडलेले, देठाशी हिरवट. पूर येऊन गेल्यापासून त्यांच्याकडं सगळे बाजारातली रोपंच लावतात, पण हे जुन्या वाणाचं एक झाड बांधावर आपसूक उगवलं होतं.

"खाऊ नका बरं का," त्या म्हणाल्या. "बी धरा. तुमच्या गच्चीत कुंड्या आहेत, तुम्हाला जमंल."

मला जमलं नाही. मोबाईलवर वाचून तीन टोमॅटोंचा गर बियांसकट बरणीत पिळला, थोडं पाणी घातलं, झाकण घट्ट लावलं आणि नणंदेच्या घरच्या लग्नाला गेले. पाचव्या दिवशी परत येऊन बघते तर बरणीतल्या बियांना पांढऱ्या शेपट्या फुटलेल्या. बिया आतच उगवून वाया गेल्या होत्या. चौथा टोमॅटो तेव्हा पुरता पिकला नव्हता, म्हणून तेवढा वाचला.

त्या संध्याकाळी वारणानगरला आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नेहमीसारखा फोन केला. बोलता बोलता बरणीचं आणि उरलेल्या एका टोमॅटोचं सांगितलं.

"फेस आलता का?" त्यांनी विचारलं.

"कसला फेस? मी घरात नव्हतेच की."

ते म्हणाले, "ऱ्हायलेल्याला हात लावू नगंस. मी येतो."

आबा बोलावल्याशिवाय कोल्हापूरला कधी येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आले.

इथं एक सांगायला हवं. आबा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला होते. मळी आंबवायच्या टाक्यांवर त्यांची ड्युटी असायची. ते घरी आले की कपड्यांना आंबूस, गोडसर वास यायचा, तो धुतला तरी जायचा नाही. वर्गातल्या एका मुलीनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुझे वडील दारू पितात का गं?" आबांनी कधी थेंबाला स्पर्श केला नाही. पण त्यानंतर कुणी विचारलं की मी सांगायची, वडील कारखान्याच्या ऑफिसात आहेत. आबा तिथं नेमकं काय करतात हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तर आबा आले. चहाही न घेता ओट्यापाशी गेले. टोमॅटो हातात घेऊन दाबून बघितला, म्हणाले, "आजच करू." आडवा कापला, अंगठ्यानं बिया काचेच्या पेल्यात ढकलल्या, दोन चमचे पाणी घातलं आणि वर पातळ फडकं बांधलं.

"झाकण न्हाय लावायचं," ते म्हणाले. "आतनं वायू सुटतो. त्याला वाट पायजे."

पेला त्यांनी खिडकीतल्या उन्हात न ठेवता जिन्याखाली सावलीत ठेवला. दिवसातून तीनदा जाऊन बघायचे. काडीनं ढवळायचे, पेल्याला कान लावायचे. मी हसले तर म्हणाले, "ऐक की." मी कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती.

दुसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरली आणि घरभर आंबट वास सुटला. माझे मिस्टर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आबा, हे नासलं वाटतं."

"नासलं न्हाय, काम चाललंय," आबा म्हणाले. "नासल्याचा वास येगळा असतो. हितं बी टाकीवर नवीन माणूस आला की त्येला पयलं ह्योच फरक शिकवायचा."

'हितं' म्हणाले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली. फेस खाली बसला होता. त्यांनी एक बी चिमटीत धरून माझ्या बोटावर ठेवलं. बुळबुळीत आवरण गेलं होतं, बी खरखरीत लागत होतं. "आता तासभरसुदिक ठेवायचं न्हाय," म्हणत त्यांनी पेल्यात पाणी ओतलं. पोकळ बिया तरंगल्या, भरीव तळाला गेल्या. तरंगलेल्या ओतून दिल्या, उरलेल्या चहाच्या गाळणीत धुऊन स्टीलच्या ताटलीत पसरल्या. कागदावर नको, चिकटतात. उन्हात नको, भाजतात. आठवडाभर सावलीत, रोज बोटानं हलवून. शेवटी एक बी वाकवून बघितलं, ते कट्‌कन मोडलं, तेव्हाच बाकीच्या बिया कागदाच्या पुडीत भरल्या.

वीस बिया ओल्या फडक्यात ठेवून बघितल्या. एकोणीस उगवल्या. मी नाचायचीच बाकी होते. आबा मात्र त्या विसाव्या बीकडं बघत बसले. "ह्ये का गेलं?"

पुढं जूनमध्ये आमच्या गच्चीवरच्या बागेच्या गटानं बियाणं कसं धरावं यावर कार्यक्रम ठेवला. मी आबांना बळंच नेलं. ते मागच्या खुर्चीत बसले. शेतीखात्यातल्या एक तरुण मॅडम छान समजावून सांगत होत्या. "बिया बरोबर तीन दिवस आंबवायच्या," त्या म्हणाल्या.

आबा उठून उभे राहिले. चारचौघांत तोंड न उघडणारा हा माणूस.

"तीन म्हणून सांगू नका मॅडम," ते मोठ्यानं म्हणाले. "उन्हाळ्यात दोनच दिवसांत हुतं, पावसात चार लागतात. दिवस मोजायचे न्हाईत. फेस बघायचा."

मॅडमनी रागावण्याऐवजी विचारलं, "काका, तुम्ही काय करत होता?"

"डिस्टिलरीत हुतो. आंबवणीला. छत्तीस वर्षं टाकीपाशी उभा ऱ्हायलोय."

मॅडमनी त्यांना पुढं बोलावून माईक हातात दिला. आबांनी माईक टेबलावर ठेवला, त्यांना त्याची गरज नव्हती. बायका वह्या काढून लिहून घेत होत्या. वास कसा असावा, झाकण का नको, बी बोटाला कसं लागायला हवं, असं अर्धा तास बोलले. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "कोण हो हे?"

"माझे वडील," मी म्हणाले. "डिस्टिलरीत होते." दोन्ही वाक्यं मी जरा जास्तच मोठ्यानं बोलले असणार, कारण पुढच्या रांगेतल्यांनीही वळून बघितलं.

रिक्षातून घरी येताना आबा म्हणाले, "लई बोललो का गं?"

"न्हाय आबा. अजून बोलायला पायजे हुतं."

ते बाहेर बघत राहिले. कान मात्र लाल झाले होते.