लाडूचं घर आणि टेंपरेचर काका

टेंपरेचर काका कुणाच्याही घरी चहा पिण्याआधी त्या चहावर बंदूक रोखत. खेळण्यातल्या पिस्तुलासारखं दिसणारं ते थर्मामीटर. खटका दाबला की समोरच्या वस्तूचं तापमान आकड्यात दिसायचं. आमच्या मस्कतच्या माबेला भागातल्या बिल्डिंगीत त्या बंदुकीतून काही म्हणता काही सुटलं नव्हतं. गच्चीची भिंत, गाडीचं स्टिअरिंग, पोळीचा तवा, इतकंच काय, गणपतीतले माझे उकडीचे मोदकसुद्धा! "लय गरम आहेत वहिनी, पोट्ट्यांना देऊ नका आत्ता," असं गंभीरपणे सांगून ते ताटासमोर वाट बघत बसायचे आणि आम्ही हसून बेजार.

काका मूळचे नागपूरचे, मोठ्या इमारतींच्या एसीचं काम बघणारे इंजिनियर. बायको नागपुरात शिक्षिका, एकुलती एक मुलगी तिच्यापाशी, आणि हे इथे आमच्या खालच्या मजल्यावर एकटे. जिन्यात भेटले की "जय भीम वहिनी" आणि लगेच पुढचा प्रश्न, "एसी कितीवर ठेवला?" मी पुण्याची, असल्या चौकशा मला झेपत नाहीत. पण या माणसावर रागावताही यायचं नाही, कारण चौकशी करून तो निघून जायचा नाही, बिघडलेलं दुरुस्त करूनच जायचा.

"मोजल्याशिवाय बोलू नाही," हे त्यांचं पालुपद. इथे आम्ही सगळेच ऊठसूट इन्शाल्ला म्हणून मोकळे होतो. लिफ्ट उद्या सुरू होईल का? इन्शाल्ला. व्हिसा येईल का? इन्शाल्ला. काकांना काहीही विचारा, उत्तर एकच, "पाहून सांगतो." नुसतं बरं वाटावं म्हणून "होईल हो" म्हणणं त्यांना जमायचंच नाही. कधी कधी डोकं फिरायचं माझं.

तेव्हा आमची मिहिका सातवीत होती. तिच्या मैत्रिणीचं कुटुंब कायमचं देश सोडून निघालं आणि जाताना त्यांचा पाळलेला साप आमच्या गळ्यात पडला. जात अजगराची, पण लहानखुरा आणि बिनविषारी. घाबरला की अंग आवळून गोल होऊन बसायचा, म्हणून त्याचं नाव लाडू. माझी काय अवस्था झाली विचारू नका! पहिला दिवस मी सोफ्यावर पाय वर घेऊन काढला. पण पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं, तिच्या बाबांनीही तिचीच री ओढली. शेवटी मी अट घातली. महिन्याभरात तो नीट खायला लागला नाही, तर त्याची रवानगी दुसरीकडे. आजारी साप मी सांभाळणार नाही.

आणि लाडू खाईचना. त्याचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. त्यांच्यासाठी वेगळा छोटा फ्रीज घेतला होता, माझ्या फ्रीजच्या आसपाससुद्धा मी त्यांना फिरकू दिलं नाही. मिहिका उंदीर कोमट करून चिमट्याने समोर धरायची, हा तोंड फिरवायचा. काचेच्या पेटीत, जाळीच्या झाकणाखाली मलूल पडून असायचा. पेटीत एक उघडा बल्ब लटकावलेला होता, ऊब द्यायला. बिल्डिंगीत सगळ्यांना गंमत, "मस्कतात हीटर लावताय? तेही जूनमध्ये?"

काका तेवढे हसले नाहीत. बंदूक काढली, पेटीच्या तळावर रोखली, मग वर एसीकडे बघितलं. "वहिनी, जून बाहेर आहे. हा घरात राहून राहिला ना? तुमच्या घरात तर महाबळेश्वर आहे!"

मग त्यांनी बल्ब काढला तो कायमचाच. गारठलेला साप थेट बल्बला विळखा घालतो म्हणे, आणि भाजतंय हे त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. काचेची पेटीही बाद. जाळीतून सगळी ऊब वर निघून जाते, आणि चारही बाजूंनी उघडं. "चारी बाजूंनी लोक टक लावून पाहत असले तर तुम्ही तरी जेवाल का?" हे मात्र मला पटलं. त्यांनी मोठा, अपारदर्शक प्लॅस्टिकचा डबा निवडला. झाकणाला घट्ट पकडी, बाजूला हवेची भोकं. डब्याखाली, बाहेरून, फक्त एका टोकाला गरम होणारी चटई. तिला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला चटई आपोआप बंद. आत ऊबदार बाजूला एक आडोसा, गार बाजूला दुसरा, शेजारी पाण्याचं पसरट भांडं. "त्याले वाटलं तर इकडं, नाही वाटलं तर तिकडं. त्याचं त्याला ठरवू द्या."

एवढं होऊनही काका लाडूला आत सोडेनात! रिकामा डबा कितीतरी दिवस नुसता चालू ठेवला आणि येता-जाता मोजला. मिहिका विनवण्या करून थकली. मग एकदाचा गृहप्रवेश झाला, आणि त्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरात किंचाळत आली, "आई, खाऊन राहिला! खाऊन राहिला!" इंग्रजी शाळेतल्या माझ्या लेकीचं मराठी आधीच अडखळतं, त्यात ते आता नागपुरी झालेलं. पण त्या दिवशी मी चुकूनही दुरुस्त केलं नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही सुट्टीला निघालो. एसी चालू, चटई चालू, किल्ली काकांकडे, ते रोज बघणार, असं ठरलं होतं. मुंबईत उतरून पुण्याच्या टॅक्सीत बसलो आणि मिहिकाने सहज विचारलं, "बाबा, एसी चालू आहे ना?" मी वळून बघितलं तर यांचा चेहरा पांढराफटक. दर वर्षी घर बंद करताना गॅस, पाणी आणि शेवटी विजेचा मेन स्विच खाली करायची यांची शिस्त. इतक्या वर्षांच्या सवयीने हाताने आपलं काम चोख केलं होतं. जुलैमधलं मस्कत, वरच्या मजल्यावरचा बंद फ्लॅट. त्याची भट्टी व्हायला कितीसा वेळ!

फोन लावला तर काका नेमके मस्कतपासून लांब, रुस्ताक गावी साइटवर होते. "निघतो," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "काका, काही होणार नाही ना त्याला?" तर पलीकडून, "पाहून सांगतो." असा संताप आला! शेजारी पोर हुंदके देतेय, एक शब्द धीराचा बोलायला काय जातं या माणसाचं? मिहिका बापाशी बोलेना. गाडी घाट चढून वर आली तरी फोन नाही.

फोन वाजला तो मीच उचलला. "जिवंत आहे, वहिनी. पाण्याच्या भांड्यात अंग बुडवून बसला होता. मोजलं मी. आता हळूहळू गार करून राहिलो, एकदम नाही." मी "जिवंत आहे गं!" म्हणून ओरडले, तशी मिहिका बाबांच्या गळ्यात पडली आणि दोघंही रडायला लागले. मी सीटवर मान टेकली. मला सुटल्यासारखं झालं, एका सापासाठी! पण काकांनी फोन ठेवला नव्हता. "वहिनी, रागावल्या तुम्ही, कळलं मले. पण माझ्या पोट्टीला ताप आला की मी इथून विचारतो, किती आहे? तिची आई आकडा सांगते. खोटं सांगितलं तर मी काय करू? त्या आकड्याशिवाय माझ्या हातात काहीच नसते."



दिवाळीच्या आधी काकांनी नोकरी सोडली. बिल्डिंगीत सगळे म्हणाले, वेडा आहे, एवढी चांगली जागा कुणी सोडतं का? विमानतळावर मिहिका खूप रडली. मला मात्र, खरं सांगते, हायसं वाटलं. आता नागपुरात त्या मुलीला ताप आला, तर बाप आकडा विचारणार नव्हता. तिच्या उशाशी बसून कपाळावर हात ठेवणार होता.