कडू दुधी

घरात माझं कुणी ऐकत नाही, ही माझी जुनी तक्रार.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. झाडाला पळता येत नाही, म्हणून खाणाऱ्याला नकोसं होईल असं काहीबाही ते पानाफळांत साठवून ठेवतं. कडुलिंबाचा कडूपणा, मिरचीचा तिखटपणा, सगळं त्यानं स्वतःच्या जिवासाठी केलेलं. आपण त्यातूनच औषधं काढतो. हे मी वर्गात जितक्यांदा सांगितलं, तितक्यांदा भिंगारच्या घरी जेवताना सांगितलंय. आई वाढता वाढता हुं म्हणायची. वडील टीव्हीचा आवाज वाढवायचे.

गेल्या उन्हाळ्यात मावशीचं ऑपरेशन निघालं, म्हणून आई राहात्याला गेली. वडिलांना शुगर. त्यात सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी त्यांच्या डोक्यात कच्च्या दुधीच्या रसाचं खूळ भरलं. मी नको म्हटलं. तर म्हणे, "आपल्या दारचा येल हाय, एक थेंब औषध मारल्यालं न्हाई." म्हणजे फवारणी नसली की विष नाही! कपाळ बडवून घ्यावं नाही तर काय करावं?

चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात त्यांना रक्ताची उलटी झाली. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, हातपाय गार पडलेले, आणि मी त्यांच्यावर ओरडतेय. घाबरले की मला फक्त ओरडता येतं. डॉक्टरांनी विचारलं, "रस कडू लागला होता का?" वडिलांनी होकारार्थी मान हलवली. उन्हानं होरपळलेल्या वेलाच्या दुधीत कधीकधी ते कडू द्रव्य फार वाढतं आणि पोट आतून सोलून काढतं. त्याचं नाव मला तोंडपाठ होतं. दोन दिवस त्यांचं बीपी वर येईना.

आई मिळेल त्या गाडीनं आली. दुधी असो, काकडी असो, दोडका असो, चिरण्याआधी ती एक फोड जिभेला लावते; कडू निघाली की थुंकते आणि अख्खं फळ फेकून देते. मी तिला त्यामागचं शास्त्र समजावायचे, जणू तिच्या जिभेला ते ठाऊकच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वडील उठून बसले. आई त्यांना पेज भरवत होती. न राहवून म्हणाली, "आवो, जरा चाखून तरी बघायचा हुता."

"चाखला की," वडील म्हणाले. "कडूजहर हुता. म्हनून तर नाक दाबून समदा प्यालो. पोरगी न्हाई का म्हनत, कडूतनंच औषध निघतं म्हनून?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं टीव्हीचा आवाज वाढवून हा माणूस माझं ऐकत होता.