किल्ल्यावरची राणी

लोक शिकायला परदेशी जातात, मी परदेशातून भारतात आले. जन्म मस्कतचा, शाळा मस्कतची, आणि भारत म्हणजे सुट्टीतला पुण्याच्या आत्याकडचा महिना. बंगळुरूच्या कॉलेजात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा आईची झोप उडाली, माझी नाही. मराठी येत होतं, हिंदी येत होतं, आणि जे येत नाही ते चार दिवसांत येईल अशी मला स्वतःबद्दल खात्री होती. आत्या मला ‘अर्ध्या हळकुंडानं पिवळी’ म्हणायची. म्हणू दे. उरलेलं अर्धं हळकुंड मिळवायलाच तर मी निघाले होते.

जयनगरात एका घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायला लागले. खाली घरमालकीण एकट्याच. गल्लीतले सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून मीही. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असायचं. माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी, तेव्हा कुणी कुणाला हसायचा प्रश्नच नव्हता.

सकाळी कोपऱ्यावर उभ्या उभ्या इडली आणि कॉफी, मग बस, मग दिवसभर कॉलेजात पुठ्ठे कापून घरांची मॉडेल्स. रविवार मात्र माझा. दर रविवारी या शहरातलं काहीतरी बघायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं. अक्कांना सोबत हवी असायची आणि मला दुभाषी, त्यामुळे आमची जोडी जमली. कानडी नाटकाला मी प्रेक्षकांच्या मागोमाग हसायचे, आणि अक्का मला कोपरानं ढोसून सांगायच्या, “आता हसू नको, तो मेलाय.” इंदिरानगरला चित्रांच्या प्रदर्शनात एका भल्यामोठ्या निळ्या चित्रासमोर त्या बराच वेळ थांबल्या.

“हे पुरं झालंय का?”

“झालंय, अक्का.”

“सरी,” म्हणाल्या आणि पुढे गेल्या. सरी म्हणजे ठीक आहे. पण अक्कांच्या ‘सरी’मध्ये ‘ठीक आहे’पासून ‘डोंबल तुझं’पर्यंत सगळं मावायचं.

नवरात्रात त्या मला राजाजीनगरला थोरल्या जाऊबाईंकडे घेऊन गेल्या. इकडे नवरात्रात घरोघर गोंबे मांडतात. गोंबे म्हणजे बाहुल्या. पायऱ्या पायऱ्यांची मांडणी, त्यावर अंथरलेलं पांढरं धोतर, मग देव, वऱ्हाड, वाणी आणि वाणीण त्यांच्या धान्याच्या दुकानासकट. सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडाचे राजा-राणी. ही जोडी मुलीला लग्नात आई देते. बघायला आलेल्या बायकांनी गाणं म्हणायचं, हळदीकुंकू घ्यायचं आणि उसळ खाऊन घरी जायचं. मला तर हे फारच आवडलं. मी मोठ्यानं आरती म्हटली आणि दोनदा उसळ घेतली.

मग हळदीकुंकवाचं तबक फिरलं. अक्का मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. तबक त्यांच्या शेजारच्या बाईपर्यंत आलं आणि तिथून सरळ पलीकडच्या बाईकडे गेलं.  अक्का मांडीवर हात ठेवून वरच्या पायरीवरच्या राजा-राणीकडे बघत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण परक्या घरात काय बोलणार?

परतताना रिक्षात मी विचारलं, “तुमचे गोंबे कुठे आहेत?”

“माळ्यावर. पेटीत.”

“मग मांडत का नाही?”

“अण्णा गेल्यापासून नाही.” अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. “राजा-राणी जोडीनं बसतात गं. जोडीनं बसवायला सुवासीण लागते. मी कुठल्या हातानं बसवू?”

“कुणी सांगितलं असं? जाऊबाईंनी?”

“सांगायला कशाला लागतंय?” असं म्हणून त्या बाहेर बघायला लागल्या. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “माझ्या राणीचं नाक मात्र त्यांच्या राणीपेक्षा सरळ आहे.”

तेवढं मला पुरलं. “मी मांडते,” मी म्हटलं. “सातव्या दिवशीही मांडतात असं तुम्हीच मघाशी सांगितलंत.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. “सरी. मांड. पण मी हात लावणार नाही. आणि जाऊबाई येणार बघायला, त्या आधी इथंच राहायच्या, अजून दरवर्षी गल्लीतल्या सगळ्यांकडे येतात. त्या जे बोलतील ते मला ऐकावं लागेल, तुला नाही.”

सातव्या दिवशी दुपारी अक्का देवळात गेल्या आणि मी पेटी खाली काढली. कशी मांडू म्हणून कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आर्किटेक्चरची विद्यार्थिनी मी, आणि दिवाळीत किल्ला करण्यात आमच्या मस्कतच्या बिल्डिंगमध्ये माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आई दर वर्षी पुण्याहून साड्यांच्या घड्यांमध्ये मावळे लपेटून आणायची. गॅलरीत गोणपाट, माती, मोहरीचं शेत, दारावर पहारेकरी आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज.

तर मी किल्ला केला. दोन ट्रंका, उशा, माझी जाडजूड पुस्तकं आणि त्यावर अक्कांची तपकिरी घोंगडी. कड्याखाली वाणी-वाणिणीचं दुकान मांडून बाजारपेठ केली. वऱ्हाड घाटातून वर चढवलं. माथ्यावर राजा बसवला, एकटा, कारण किल्ल्यावर वर एकच जण असतो. राणीचं काय करावं ते सुचेना. आमच्या किल्ल्यावर राणी कधी नव्हतीच. शेवटी तिला दुकानासमोर उभी केली. महिन्याचं सामान भरायला आल्यासारखी दिसत होती बिचारी. एकूण काम झकास झालं होतं.

अक्का आल्या, चपला काढल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

“पायऱ्या कुठे आहेत?”

“किल्ल्याला पायऱ्या मागच्या बाजूनं असतात.”

त्या जवळ आल्या. “आणि राणी दुकानात काय करतीय?”

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की आपलं काहीतरी चुकलंय. पण माघार घ्यायचा माझा स्वभाव नाही. “आमच्याकडे माथ्यावर एकच जण बसतो, अक्का. महाराज.”

“एकटेच?”

“एकटेच. राज्य चालवायचं असतं ना.”

अक्का आत गेल्या, हातपाय धुतले आणि पदराला हात पुसत परत आल्या. हात लावणार नाही म्हणालेल्या अक्कांनी राजाला दोन्ही हातांनी उचललं, अंगावरची धूळ पुसली, किल्ल्याच्या पायथ्याशी रेशमी खणाची घडी ठेवून त्यावर त्याला आडवा ठेवला. मग दुकानातून राणी उचलली आणि किल्ल्याच्या माथ्यावर नेऊन बसवली. एकटी. दोनदा सरकवून नीट मध्यावर आणली. खरंच, नाक अगदी सरळ होतं तिचं.  अक्का मागे सरून, मान तिरकी करून किल्ला बघत राहिल्या.

“उद्या संध्याकाळी सगळ्यांना बोलाव,” त्या म्हणाल्या. “मी उसळीला हरभरे भिजवते.”

गल्ली आली. किल्ला बघून आधी बायका हसल्या, मग मुलं बाजारपेठेत शिरली आणि वातावरण सैलावलं. हळदीकुंकू मी दिलं. अक्का द्रोणात उसळ भरत होत्या. शेवटी राजाजीनगरहून जाऊबाई आल्या, आणि मी तबक घट्ट धरून उभी राहिले. वरपासून खालपर्यंत त्यांची नजर फिरली आणि खणावर येऊन थांबली.

“राजा का निजलाय? दसरा कुठे झालाय अजून?”

नवरात्र संपल्याची खूण म्हणून दसऱ्याला संध्याकाळी एक गोंबे आडवं करून निजवतात, ही इकडची रीत.

अक्कांनी हातातला द्रोण भरला. “दमला होता,” त्या जाऊबाईंना म्हणाल्या. “स्वल्प लवकर निजला.”

 जाऊबाईंनी माथ्यावरच्या राणीकडे बघितलं, मग अक्कांकडे. मी तोंड उघडणार होते, पण त्याआधीच त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि हात पुढे केला.

“दे उसळ. मीठ तरी बरोबर घातलंयस का बघू.”

दसऱ्याच्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी अक्कांना रितीची आठवण केली. एक गोंबे निजवायला हवं. राणीकडे हात नेला तर अक्कांनी माझं मनगट धरलं.

“राजा निजलाय, तेवढं पुरे. हिला बसू दे,” त्या म्हणाल्या. “हिला उद्या कामं आहेत.”