गाडी दोन्हीकडून सुटली पाहिजे

आमच्या समोरच्या काकांनी आजवर एकाही माणसाला ख्रिस्ती केलेलं नाही, आणि यात त्यांचा प्रयत्न कमी पडला असं अख्ख्या लखनौत कुणी म्हणू शकणार नाही. काका मूळचे नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आंब्यावरच्या तुडतुड्यांचे शास्त्रज्ञ म्हणून तिशीत इकडे आले, एका संशोधन संस्थेत तीस वर्षं तुडतुड्यांच्या मागे होते आणि निवृत्त झाल्यावर अलीगंजात घर बांधून माणसांच्या मागे लागले. तुडतुड्यांनी निदान थोडीफार दाद दिली होती, असं काकू म्हणते. मी बँकेच्या बदलीवर इथे आलो, त्या दिवशी ट्रकमधून कपाट उतरवत होतो. काका समोरून आले, न सांगता कपाटाचं एक टोक उचललं, आणि जिन्याच्या वळणावर, जिथून मला पुढेही जाता येत नव्हतं आणि मागेही, तिथे त्यांनी विचारलं, "मेल्यानंतर कुठे जायचं ठरवलंय?" मी म्हटलं, "काका, आजवर बँकेने पाठवलं तिथे गेलोय." काका पोट धरून हसले, त्यामुळे कपाट माझ्या पायावर आलं, आणि आमची ओळख झाली.

काकांच्या सदऱ्याच्या खिशात येशूच्या चरित्राची एक छोटी पुस्तिका कायम असते आणि स्कूटरच्या डिकीत तिची वीसेक भावंडं. गॅसचा सिलिंडर आणणारा, विजेचं मीटर वाचणारा, भाजीवाला, सगळ्यांना ती मिळालेली आहे. एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा विक्रेता आला. तो काकांना पाण्यातल्या जंतूंविषयी सांगत होता आणि काका त्याला आत्म्याविषयी. दीड तासाने त्याने काकांना यंत्र विकलं आणि काकांनी त्याला पुस्तिका दिली. यंत्र अजून चालतंय. एवढं सगळं असून काकांचं एक तत्त्व असं की ज्याला आपण काही मदत केली त्याच्याशी या विषयावर अवाक्षर बोलायचं नाही. "ती लाच होते," ते म्हणतात. आता काकांचा स्वभाव असा की कुणाचं पोरगं आजारी आहे म्हटलं की हे स्कूटर काढून दवाखान्यात हजर. त्यामुळे ज्यांच्याशी बोलता येईल अशी माणसं कॉलनीत दरवर्षी कमी होत गेली. शेवटी त्यांना आलमबागेपर्यंत जावं लागलं.

आलमबागेच्या बस अड्ड्यावर त्यांना टाइमकीपर साहब भेटले. हे गृहस्थ तेव्हा तिथे बसगाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा नोंदवायचे. पाच वेळची नमाज आणि अडीचशे बसगाड्या, दोन्हींत मिनिटाचा फरक पडू न देणारा माणूस. काकांनी खिडकीतून पुस्तिका सरकवली. त्यांनी ती उघडून पाहिली, "शुक्रिया" म्हणाले, आणि काकांच्या घरचा पत्ता लिहून घेतला. पुढच्या रविवारी बरोबर चार वाजता आमच्या गल्लीत ई-रिक्षातून एक उंच, सडपातळ, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उतरले. हातात पुस्तिका होती आणि वेळापत्रकाच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेले तेवीस प्रश्न. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा दारात आलेला पाहून काकांनी घाईत एकाऐवजी दोन खुर्च्या पुढे केल्या. पहिल्या दिवशी तीन प्रश्न झाले. उरलेल्या विसांची उत्तरं ऐकायला म्हणून टाइमकीपर साहब गेली बारा वर्षं दर रविवारी चार वाजता येतात. चार पन्नासला उठतात, कारण सूर्य मावळल्यावरची मग्रिबची नमाज त्यांना आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीत पढायची असते. उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो तरी चार पन्नासच, कारण वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक.

त्या पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घातला. "जनाब," ते म्हणाले, "गाड़ी दोनों तरफ़ से छूटनी चाहिए." म्हणजे असं की समोरच्याचं म्हणणं खोडायच्या आधी ते आपल्या तोंडाने मांडायचं, आणि इतकं नीट मांडायचं की त्याने "दुरुस्त", म्हणजे बरोबर, असं म्हटलं पाहिजे. तोवर उत्तर द्यायला परवानगी नाही. काकांना पहिलं "दुरुस्त" मिळायला दोन महिने लागले. तोपर्यंत ते बिचारे येशू ख्रिस्ताविषयी मुसलमानांना काय वाटतं याचाच अभ्यास करत होते, आणि काकू मला सांगायची, "अरे, हा माणूस यांना बदलायला निघालाय की हे त्याला, मला काही उमजत नाही."

मी या रविवारांचा कायमचा श्रोता. धर्मात मला फारसं कळत नाही, पण काकूच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी मला कळते, आणि ती साडेचारला येते. एकदा टाइमकीपर साहबांनी मुद्दा काढला की तुमच्याकडे येशूची चरित्रं चार, आणि चौघांचे तपशील जुळत नाहीत. "मेरे चार कंडक्टर एक ही गाड़ी की चार अलग रिपोर्ट लिखते, तो मैं जाँच बिठा देता." मला वाटलं, संपलं. पण काका पुढे सरकले. "और साहब, चारों ने एक-एक अक्षर सेम लिखा तो? तब क्या करते थे आप?" इतक्या वर्षांत काकांची हिंदी नगरहून फार पुढे आलेली नाही. टाइमकीपर साहब बराच वेळ दाढी कुरवाळत राहिले. "तब तो सस्पेंड करता," ते म्हणाले. आठवडाभर विचार करून पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं की हा मुद्दा ते मागे घेत आहेत, उरलेले कायम आहेत. काकांनी त्या दिवशी मला पेढे दिले. एक मुद्दा मागे घेतला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

नियमाचा परिणाम मात्र भलताच झाला. काकांच्या चर्चमध्ये एक तरुण पाहुणे उपदेशक आले आणि मुसलमान येशूला मानतच नाहीत असं ठोकून गेले. काका भर उपासनेत उभे राहिले. "ये उनका कहना नहीं है," ते म्हणाले, आणि त्यांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं: ते त्याला कुमारी मरियमेचा पुत्र मानतात, देवाचा शब्द म्हणतात, त्याचे चमत्कार मानतात, तो परत येणार हेही मानतात. फक्त देवाला पुत्र असणं त्यांना देवाच्या एकपणाला बाधक वाटतं, आणि ते का वाटतं हेही काकांनी इतक्या तळमळीने सांगितलं की उपासना संपल्यावर पाळकांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "अंकल, तबीयत तो ठीक है न?" काकू दोन दिवस बोलली नाही. तिकडे आलमबागेत एका लग्नात कुणीतरी म्हणालं की ख्रिस्ती लोक तीन देव पूजतात, तर टाइमकीपर साहब पंगतीतून उठले, "ग़लत रिपोर्ट है" म्हणाले आणि बिर्याणी थंड होईपर्यंत त्रैक्याचं तत्त्व समजावत बसले. पुढच्या लग्नात त्यांना म्हणे लांबच्या टेबलावर बसवलं.

एकदा ते गेल्यावर मी काकांना म्हटलं, "काका, एवढ्या वर्षांत ते तसूभर हलले नाहीत. सोडून द्या ना आता." काका रिकाम्या कपबशा गोळा करत होते. थांबले. "अरे, बाकीच्यांचं मी देवावर सोपवलं," ते म्हणाले. "पण मी वर गेलो आणि हा माणूस तिथे नसला तर? काकू तिकडे भजनमंडळात जाऊन बसेल. मी बोलू कुणाशी?" मला हसू आलं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी कपबशा उचलायला लागलो. "हे त्याला सांगू नकोस हां," ते म्हणाले. "हा मुद्दा नाही. हे फक्त आपलं असंच."

मागच्या हिवाळ्यात कुणीतरी तक्रार केली. कुणी ते कधी कळलं नाही. या घरात दर रविवारी धर्मांतर चालतं अशी. आमच्याकडे या बाबतीत कायदा कडक आहे, त्यामुळे एका रविवारी सव्वाचारला चौकीचे दरोगाजी, म्हणजे फौजदार, आणि एक शिपाई दारात उभे राहिले. माणूस सभ्य होता. वही काढून त्यांनी टाइमकीपर साहबांना विचारलं, "ये आपको ईसाई बना रहे हैं?"

"जी, बारह साल से कोशिश फ़रमा रहे हैं," टाइमकीपर साहब म्हणाले. "इनकी तरफ़ से कोई कमी नहीं हुई."

"और आप?"

"मैं इन्हें मुसलमान करने की कोशिश में हूँ. मेरी तरफ़ से भी नहीं हुई."

दरोगाजींनी पेन खाली ठेवलं. मग आठवण होऊन पुन्हा उचललं. "कोई लालच दिया गया?"

"जी. क्रिसमस पर करंजी."

"करंजी क्या?"

काकूने आतून डबा आणला. नाताळचं उरलेलं होतं. दोघांनी खाऊन पाहिली. शिपाई म्हणाला, "साहब, ये तो गुझिया है." दरोगाजींनी वही मिटली, पण जाताना काकांना हळूच म्हणाले, "बाबूजी, आप बुज़ुर्ग हैं. ज़माना ठीक नहीं है. यह सब कम कर दीजिए." ते धमकी देत नव्हते, हे काकांनाही कळलं. म्हणूनच ते जास्त लागलं.

रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला. "पप्पा, आईला तिथे दुसरं कुणी नाही. उद्या तुम्हाला चौकीवर नेलं तर तिने कुणाकडे बघायचं?" काकांनी ऐकून घेतलं आणि शब्द दिला. दुसऱ्या दिवशी खिशातली पुस्तिका कपाटात गेली. काकांचा खिसा रिकामा मी पहिल्यांदाच पाहत होतो. पुढचे तीन रविवार टाइमकीपर साहब चार वाजता आले, आणि काका त्यांच्याशी थंडीबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले, मटारच्या भावाबद्दल बोलले. टाइमकीपर साहब दोनदा येशूचं नाव काढून थांबले. काका खिडकीबाहेर बघत राहिले. तिसऱ्या रविवारी टाइमकीपर साहब साडेचारलाच उठले. फाटकाशी मला म्हणाले, "क्या मुझसे कोई गुस्ताख़ी हुई? इन्होंने मुझ पर मेहनत छोड़ दी." त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. काकांचं ते कपबशांच्या वेळचं बोलणं मी सांगितलं नाही, पण त्यांच्या मुलाच्या फोनबद्दल सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले आणि ई-रिक्षात बसले.

चौथ्या रविवारी मला वाटलं येणार नाहीत. बरोबर चारला आले. बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "आज गाड़ी उल्टी चलेगी. आपकी तरफ़ से मैं बोलूँगा, मेरी तरफ़ से आप. मुसलमान ख़ुद ईसाइयों की बात समझाए, इस पर कौन सी दफ़ा लगती है?"

काका काही म्हणायच्या आत त्यांनी सुरुवात केली. काकांचाच मुद्दा, पण त्यांच्या उर्दूत. "मैं अर्ज़ करता हूँ कि आप ख़ुद ईसा को अल्लाह का कलमा, उसकी बात, मानते हैं. किसी की बात उससे जुदा कैसे होगी? आप फ़रमाते हैं, अल्लाह अपने प्यारे को सूली पर जाने दे, यह उसकी शान के ख़िलाफ़ है. मैं कहता हूँ, शान तो ऊपर बैठे रहने में थी. मुहब्बत थी, सो नीचे उतर आई." मग थांबून विचारलं, "दुरुस्त?"

 आयुष्यभर जे काकांना धड सांगता आलं नव्हतं ते समोरचा माणूस, जो त्यातलं काही मानत नव्हता, त्यांच्यासाठी सांगत होता. "दुरुस्त," काका शेवटी म्हणाले. मग खुर्चीत सरळ झाले, कारण आता त्यांची पाळी होती, आणि त्यांनी मुसलमानाच्या बाजूने उत्तर दिलं. "साहब, आपके ईसा की इज़्ज़त मैं आपसे कम नहीं करता. पर जो भेजता है वो एक है, और मैं उसी एक के आगे झुकता. बंदे को बंदा रहने देना, हमारे में यही उसकी इज़्ज़त है. दुरुस्त?"

"सुब्हानअल्लाह," टाइमकीपर साहब म्हणाले. "दुरुस्त. हमारे मौलाना भी इतना साफ़ नहीं कहते."

काकू भाकरी घेऊन दारात उभी होती ती तिथेच उभी राहिली. टाइमकीपर साहबांनी चष्मा काढून पुसला. "एक बात रह गई," ते म्हणाले. "आपकी तरफ़ से ही कह रहा हूँ. असल बात यह है कि मुझे वहाँ आपके बग़ैर नहीं जाना. बाक़ी सब दलीलें इसी के लिए थीं." जरा वेळाने विचारलं, "दुरुस्त?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नाही म्हटलं. मी सांगितलं नव्हतं. ते त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती. "दुरुस्त," काका म्हणाले. उत्तर तर टाइमकीपर साहबांच्या बाजूने द्यायला हवं होतं. "साहब," ते म्हणाले, "मेरी भी यही दिक़्क़त है." आणि घाईने विचारलं, "दुरुस्त?"

टाइमकीपर साहबांनी मान डोलावली. 

आता गाडी दर रविवारी उलटीच धावते. काकांनी मुलाला दिलेला शब्द पाळला आहे, आणि येशूच्या बाजूचं सगळं काम टाइमकीपर साहब पाहतात. दोघांचे गुडघे गेले आहेत. जिना चढताना एकमेकांना आधार देतात आणि कोण कुणाला देतोय ते कळत नाही. परवा मी काकांना विचारलं की शेवटी यात बरोबर कोण. "आमच्यातला जो आधी जाईल त्याला कळेल," ते म्हणाले. "पण मागे राहिलेल्याला कळवायची सोय नाही. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय, घाई करायची नाही." त्या चौथ्या रविवारी टाइमकीपर साहबांनी घड्याळ पाहिलं तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. मग त्यांनी नमाज काकांच्याच पुढच्या खोलीत पढली, आणि तेवढा वेळ काका बाहेर पायरीवर माझ्याशेजारी टोपी काढून बसले.